सात कामांची कुऱ्हाड

५ फेब्रुवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

काल दुपारी आमच्याकडेही जमीन हलली. फार नाही, फडताळातल्या वाट्या एकमेकींना लागल्या आणि गप्प झाल्या. आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, मांजर असेल. आमच्याकडे मांजर नाही, हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

इथं एवढं, तर मुलांकडे किती हलत असेल या विचारानं माझं कशात लक्ष लागत नाही. आमच्या ठमीला फोन केला तर ती हसण्यावारी नेते. म्हणते, आता रोजचंच झालंय, आम्ही कप टेबलाच्या मधोमध ठेवतो. पण त्यांचं घर तुम्हीही पाहिलंय. तिसरा मजला, खिडक्यांना लोखंडी जाळ्या आणि बाहेर पडायला एकच दार. चौकट जरा तिरकी झाली की ते दार अडकणार.

मला भीती वाटली की मी काहीतरी शिवायला घेते, जन्मभर तेच केलंय. तर मी एक पिशवी शिवली आहे. जाड कॅनव्हास, दुहेरी शिवण, पाठीवर अडकवायला पट्टे. पाणी, बॅटरी, शिट्टी, औषधं आणि कागदपत्रं यांचे कप्पे झाले. राहिली हत्यारं, ते खातं तुमचं. मागे तुमच्या दुकानात काउंटरवर सात कामांची कुऱ्हाड पाहिली होती. पुढे पातं, मागे हातोडी, खाली खिळे उपटायची खाच, मधे पान्यासारखं भोक, दांडा फिरवून उघडला की आत करवत आणि स्क्रू ड्रायव्हर, शिवाय बाटली उघडायचं काहीतरी. ती एक पाठवा. तिच्या मापाचा कप्पा शिवून मी पिशवी मुलांकडे रवाना करते.

हे फोनवर नको. मुलांना कळलं तर दोघं मिळून आपली चेष्टा करतील, आणि तुमच्या दुकानातलं बोलणं निम्मं गिऱ्हाईकच ऐकतं. पार्सलची गाडी दोन्हीकडे थांबते, चिठ्ठी सामानाबरोबर येऊ दे.

तुमची विहीण

११ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

पिशवी शिवलीत हे फार बरं केलंत. मी महिनाभर नुसतीच दुकानात येरझाऱ्या घालते आहे. परवा एकाला खिळ्यांऐवजी स्क्रू बांधून दिले, तो परत येऊन माझ्याकडे दयेनं बघत उभा राहिला.

पण ती कुऱ्हाड मी पाठवणार नाही. विकते पुष्कळ. लोक सहलीला जाताना नेतात, वाढदिवसाला भेट देतात, मग ती भिंतीवर टांगलेली असते. गिऱ्हाइकाला विकायची वस्तू वेगळी आणि घरात द्यायची वेगळी. मला सात कामं येतात असं सांगत कुणी आलं तर मी त्याला दुकानात नोकरीलासुद्धा ठेवत नाही. हातोडी म्हणून उचलली की पातं तुमच्या कपाळाकडे. दारात घालून रेटली की सगळा जोर दांड्यावर, आणि तो दांडा बाटलीच्या झाकणासारखा फिरणारा, कारण आत करवत कोंबली आहे. पान्याचं भोक एकाच मापाचं, ते कुठल्याही गॅसच्या कॉकला बसलेलं मी अजून पाहिलं नाही. आणि जमीन हलत असताना बाटली कोण उघडणार आहे?

त्यापेक्षा सोबत पाच सुटी हत्यारं पाठवते. दार उचकटायला छोटी कटावणी, घडीची करवत, हातोडी, लहान कुऱ्हाड आणि गॅसच्या कॉकचा नेमका पाना. प्रत्येकाला एकच काम येतं आणि ते नीट येतं. मुठी मुद्दाम बारीक बघून निवडल्या आहेत, सूनबाईच्या हातात बरोबर बसतील. ती खमकी आहे. घर लावताना कपाटाचं एक टोक तिनं एकटीनं धरलं होतं आणि दुसऱ्या टोकाला दोन हमाल होते, मी स्वतः पाहिलंय.

कप्पे पाच लागतील. तुमचा हात झपाझप चालतो, आठवड्यात पिशवी मुलांकडे पोचावी.

तुमची विहीण

१८ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार,

पाचही हत्यारं पोचली. चांगली आहेत, त्यात वाद नाही. कप्पेही शिवले. पण तुमचं एक वाक्य मला खुपलं आणि ते मनात ठेवून मला सुचत नाही, म्हणून लिहूनच टाकते. सूनबाईच्या हातात बसतील म्हणजे काय? घरात एवढा उंचापुरा मुलगा असताना दार काय सूनबाईनं उचकटायचं?

मी पिशवी पूर्ण भरून पाठीवर घेतली आणि आमच्या जिन्यानं खालीवर केलं. हत्यारं एकमेकांवर आपटतात, पट्टा खांद्यात रुततो. मग ह्यांच्या पाठीवर दिली. ते पहिल्याच वळणावर बसले आणि म्हणाले, मला इथंच राहू दे, तू जा. थट्टा सोडा, पण हे ओझं घेऊन घाईनं तीन मजले उतरायचे म्हणजे दोन्ही हात त्यातच गुंततात.

माझ्या डोळ्यांसमोर चित्र असं आहे. जावईबुवांच्या कमरेला एकच कुऱ्हाड. काय फोडायचं, काय उपटायचं ते त्यांनी एका हातानं करावं, आणि दुसरा हात मोकळा ठेवून ठमीला धरावं. जिना उतरताना तिला कुणीतरी धरायला हवं. हल्ली तिची कंबर धरते. जड उचलणं, रेटणं तिला झेपायचं नाही. लहानपणापासून नाजूकच आहे ती.

तेव्हा पाचही परत पाठवत नाही, माझ्याकडे ठेवते, पण कुऱ्हाड पाठवा. बारीकसारीक धक्के रोज बसताहेत, आणि मला दिवसभर उगीचच पायाखाली बघायची सवय लागली आहे.

तुमची विहीण

२४ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

नाजूक कोण, सूनबाई? कपाटाचं मी तुम्हाला आत्ताच लिहिलं होतं. कंबर धरते तर शेक घ्यायला सांगा, महिन्याभरात ठीक होईल.

मी दुकानामागं एक जुनं दार पडलंय ते भिंतीला टेकवून ती कुऱ्हाड चालवून पाहिली. मुद्दाम पाहिली, तुम्ही एवढं म्हणता तर माझंच चुकत असेल म्हणून. चार घाव बरे बसले. मग फटीत घालून रेटली तर दांडा हातात गर्रकन फिरला आणि मनगटाला हिसका बसला. उघडून करवत काढायची तर एका हातानं डोकं घट्ट धरायचं आणि दुसऱ्यानं दांडा पिळायचा. दोन्ही हात धड असलेल्या माझ्यासारखीला वेळ लागला. एका हाताचं काम नव्हे ते.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, राग मानू नका. आमच्या बाळ्याच्या कमरेला काही बांधायच्या फंदात पडू नका. या कामात त्याच्या भरवशावर राहू नका. तो त्यातला नाही. सूनबाईला कटावणी आणि करवत आठवडाभर हाताळून बघू दे, सवय झाली की वजन वाटत नाही. माझ्या हत्यारांना पाय नाहीत, ती तुमच्या घरात बसून काय करणार? पिशवी आता निघू दे.

रोज दुकान उघडताना शटर वर जाईपर्यंत मी श्वास धरून उभी असते. आत सगळं पडलेलं असेल असं वाटतं. आणि मग वाटतं, इथलं पडलं तरी हरकत नाही.

तुमची विहीण

२ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तो त्यातला नाही म्हणजे कशातला नाही? बायकोला संकटातून बाहेर काढण्यातला? एवढं लिहिलंत तर पुढचंही लिहायचं होतं. जावईबुवा घरी नसतात का? काही व्यसन लागलंय का? दोघांचं बिनसलंय का?

मी ठमीला फोन करून आडून आडून विचारलं, जावईबुवा काय करताहेत. म्हणाली, भांडी घासताहेत. तेवढ्यात मागं ताट पडल्याचा आवाज आला आणि दोघंही हसली. मी काही हसले नाही. आई मागं लागली की हसून वेळ मारून न्यायची तिची जुनी खोड मला ठाऊक आहे.

आणि खरं सांगायचं तर मला तुमचाही राग आला आहे. माझी मुलगी कपाट उचलते म्हणून तुम्हाला पसंत पडली होती का? जड काम निघालं की सूनबाई, आणि मुलगा त्यातला नाही. लग्नात तुम्ही असं बोलला नव्हतात.

मी पाचही कप्पे उसवले. एकच लांब कप्पा शिवला आहे. कुऱ्हाड तुमच्याकडून येणार असेल तर पाठवा, नाहीतर इथं बाजारात मिळते.

तुमची विहीण

६ मार्च

विहीणबाई,

कुऱ्हाड पाठवली आहे. दांडा मी माझ्या हातानं आवळला आहे, तरी फिरेल. माझ्या मुलाला कसलंही व्यसन नाही. बाकी लिहिण्यासारखं बरंच आहे, पण ते माझं नाही, म्हणून लिहीत नाही.

१० मार्च

विहीणबाई,

कालच्या मोठ्या धक्क्यानंतर तुम्हालाही ठमीचा तोच निरोप आला असेल. ‘दोघं बाहेर आहोत, काळजी नको, पत्र लिहिते.’ त्यानंतर फोन लागत नाही. घाटात दरड आली आहे, गाड्या बंद आहेत. हे स्टँडवर जाऊन चौकशी करतात आणि परत येतात, पुन्हा जातात. मी त्यांना थांबवत नाही, कारण ते घरात असले की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसतो.

पिशवी माझ्याकडेच आहे. तुमची कुऱ्हाड परवा पोचली. कप्प्यात घातली तर पातं कापडाला घासत होतं, म्हणून मी आतून चामड्याचं अस्तर लावायला घेतलं. काल दुपारी जमीन हलली तेव्हा पिशवी माझ्या मशीनवर, सुईखाली होती. तिथं मुलांचं घर हलत होतं आणि इथं मी अस्तराची कड सरळ येते की नाही ते बघत होते. तुमची पाच हत्यारं पलंगाखाली पडली आहेत. आली तशी पुढे पाठवली असती तर मुलांच्या हातात काहीतरी असतं.

आता लपवून काही उपयोग नाही. ठमीला दिवस गेले आहेत. मागच्या वर्षी एकदा टिकलं नव्हतं, तेही तुम्हाला सांगितलं नाही. या वेळी तिनं शपथ घातली की चौथा महिना लागेपर्यंत सासरी कळता कामा नये, पुन्हा तसंच झालं तर सगळ्यांची तोंडं बघावी लागतील. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही असं बजावलं आहे. म्हणून कटावणी तिच्या हातात मला नको होती. सगळी भिस्त मी तुमच्या मुलाच्या दंडावर ठेवली. तुम्हाला नाही नाही ते बोलले, ते विसरता आलं तर विसरा.

ती दारातून बाहेर कशी आली असेल, हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात फिरतो आहे.

तुमची विहीण

१० मार्च

विहीणबाई,

मुलं बाहेर आहेत एवढंच कळलंय. माझं पत्र तुम्हाला कधी मिळेल माहीत नाही, पण आजच लिहायला हवं, उद्या माझा धीर होणार नाही.

बाळ्याच्या उजव्या हाताची पकड गेली आहे. पावसाळ्यात कारखान्यात यंत्रात मनगट सापडलं होतं. तुम्हाला मुरगळलंय असं सांगितलं. जखम भरली, पण बोटं मिटत नाहीत. ताट धरलं तरी सुटतं. आता तो तिथंच कागदपत्रांच्या कामावर आहे, डाव्या हातानं लिहायला शिकला. मला म्हणाला, सासरी सांगू नकोस, त्यांना वाटेल मुलगी कुणाच्या गळ्यात बांधली. मीही गप्प बसले. मलाही तीच भीती होती, खोटं कशाला बोलू.

म्हणून त्या कुऱ्हाडीला मी नाही म्हणत होते. तो दांडा त्याला पिळता येणार नाही, आणि ती डोक्याला जड, डाव्या हातातून निसटली असती. सुटी हत्यारं हलकी होती, सूनबाईच्या हाताला बेतून दिली होती. सगळी भिस्त मी तिच्यावर ठेवली आणि तुम्हाला कारण सांगितलं नाही. तुम्ही मला सरळ विचारलंत तेव्हाही नाही. शेवटी रागाच्या भरात त्याला न पेलणारी वस्तू माझ्या हातानं बांधून पाठवली. तिला काही इजा झाली असेल तर तुमच्यासमोर मी कुठल्या तोंडानं उभी राहू?

दुकान आज उघडलं नाही.

तुमची विहीण

१४ मार्च

आई आणि सासूबाई,

एकच पत्र दोनदा लिहिते आहे, म्हणजे कुणाला काय सांगितलं याचा घोळ नको. परवा थोडा वेळ फोन लागले तेव्हा तुम्ही दोघींनी पाठोपाठ रडत मला पिशवीचं सगळं सांगितलंत आणि मला एक वाक्य बोलू दिलं नाहीत. आई, तू बाळाचं विचारलंस आणि लाइन गेली.

बाळ आहे. डॉक्टरांनी पंधरा दिवस झोपून राहायला सांगितलंय, मग पुन्हा बघणार. पुढचं त्यांनाही माहीत नाही. मी शाळेच्या हॉलमध्ये गादीवर पडून लिहिते आहे, शेजारी तीन कुटुंबं आहेत आणि एक आजोबा दर धक्क्याला सगळ्यांना वेळ सांगतात.

आता दाराचं. त्या दुपारी आम्ही दोघं घरात होतो. चौकट तिरकी झाली, दार बोटभर उघडून अडकलं आणि गॅसचा वास यायला लागला. आम्ही घाबरलो, पण गोंधळलो नाही. जमीन पहिल्यांदा हलली त्याच आठवड्यात आमचं ठरलं होतं. ज्याला पकड लागते ते मी करायचं, ज्याला जोर लागतो ते त्यानं. रोजचं घरही आम्ही असंच चालवतो. डब्याचं झाकण मी धरते, तो कोपरानं दाबतो.

कॉक मी सांडशीनं बंद केला, त्याला फक्त पकड लागते. मग पडद्याचा लोखंडी दांडा काढून दाराच्या फटीत घातला. तो त्याच्या हातात राहीना, तर मी टॉवेलनं दांडा त्याच्या मनगटाला आणि दंडाला बांधला. सगळं अंग टाकून तो रेटायचा आणि फट वाढली की मी तिच्यात काहीतरी सारायची, आधी चमचा, मग पट्टी, मग पुस्तकं. मी जोर लावला नाही, आई. खाली बसून नुसती सारत होते. दांडा वाकला, पण तोवर मला अंग चोरून जाता येईल एवढी जागा झाली होती. त्याला त्यातून जाता येत नव्हतं. एकटी जायला मी नाही म्हटलं. तो माझ्यावर ओरडला, लग्नानंतर पहिल्यांदाच. मग मी गेले. बाहेरून शेजाऱ्यांनी दार रेटेपर्यंत तो आत होता आणि मी जिन्यात उभी राहून त्याला सारखी हाक मारत होते. तो दर वेळी ओ देत होता. तेवढा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही.

त्याचा खांदा निखळला होता, बसवलाय. बोटांचं जे होतं तेच आहे.

मला तुमच्या दोघींचा राग आला आहे, तो लपवत नाही. महिनाभर तुम्ही अशा घरासाठी पिशवी भरत होता, जिथं दोन धडधाकट माणसं राहतात. ते घर आमचं नव्हे. आई, तू त्याच्या दंडावर विसंबलीस. सासूबाई, तुम्ही माझ्या. आम्ही तुम्हाला गप्प राहायला सांगितलं हे खरं, त्याचा दोष आम्ही घेतो. पण हत्यारं कुणाच्या हातात जायची आहेत हे त्या हातांना एकदा विचारता आलं असतं. आम्ही दोघांनीही लगेच सांगितलं असतं.

अजून हलतंय. मघाशी पेन आपोआप सरकलं आणि एक ओळ वाकडी झाली, ती खोडली नाही. रस्ता दोन दिवसांत सुरू होईल म्हणतात. दोघी या. पाच हत्यारं आणा, ती कुऱ्हाडही आणा. पण आल्याबरोबर ती बाहेर काढू नका. सासूबाई, आधी तुम्ही माझ्याजवळ बसा. आई, तू त्याच्याजवळ बस आणि त्याचा हात हातात घेऊन बघ, तो लपवणार नाही असं त्यानं कबूल केलंय. मग पिशवीत काय ठेवायचं ते आपण चौघं ठरवू.

ठमी